सपाट रस्ता, उलटा वारा, बधिर बोटं : काय घेऊ?

सपाटवाला
मंडळी, सल्ला हवा आहे. आठवड्यातून दोनदा ६०-७० किमी चालवतो. रस्ते सगळे शेतांमधले, एकपदरी, सपाट. वाहन क्वचित, झाड त्याहून क्वचित. चढ म्हणावा तर कालव्यावरचा पूल. सायकल जुनी ॲल्युमिनियमची, रिम ब्रेकवाली. टायर २५ मिमी रुंदीचे, पुढच्या चकत्या ५०/३४ दातांच्या, मागच्या ११ ते ३२. माझं वजन ७४.

तक्रारी तीन. वारा समोरून आला की २८ चा वेग २० वर येतो. तासाभरात दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. आणि डांबर खरबरीत असल्यामुळे अंग भरून येतं.

मनात २८ चे टायर आहेत, नाहीतर कोपरं टेकवून पुढे वाकायला हँडलवर लावायचे एरोबार. बजेट दोन बऱ्या टायरांचं आहे, त्यावर जाणार नाही. नवी सायकल सुचवू नये ही विनंती.

कार्बनकुमार
५० मिमी खोल रिमची कार्बनची चाकं घ्या आणि विषय संपवा. मी घेतल्यापासून मागे वळून पाहिलेलं नाही. सपाट रस्त्यावर सगळा खेळ हवेचा. ३५ च्या पुढे गेल्यावर चाकांतून जो आवाज येतो ना, त्यासाठीच घ्यावीत.

सपाटवाला
दोन टायरांचं बजेट म्हटलंय हो.

कार्बनकुमार
थोडं वाढवा. एकदाच होतो खर्च.

स्पोकशास्त्री
त्यांचा वेग २० वर येतोय आणि तुम्ही ३५ चा आवाज ऐकवताय.

जुनंतेसोनं
हे २८, ३२ काय चाललंय कळत नाही. आम्ही आयुष्यभर २३ चे टायर वापरले, हवा १२० पीएसआय, बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजला पाहिजे. बोटं आमचीही बधिर व्हायची. कुणाला विचारत नव्हतो.

वॅटवेडा
काका, टण्ण वाजणारा टायर गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. खरबरीत डांबरावर तो प्रत्येक खड्यावरून सायकलीसकट तुम्हाला उचलतो, आणि ते उचलणं तुमच्याच पायांतून वसूल होतं. ७४ किलोला २५ च्या टायरमध्ये पुढे ८० आणि मागे ८५ च्या आसपास पुरे. धागाकर्ते किती भरतात?

सपाटवाला
११०. टायरवर कमाल १२० लिहिलंय, म्हणून दहा कमी.

वॅटवेडा
ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. आजच उतरवा, फुकट आहे.

आता वारा. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. शांत हवेत तुम्ही २८ ने जाताय. समोरून १५ चा वारा आला की हवेला तुमचा वेग ४३ वाटतो. तेवढीच ताकद लावायची तर, टायरांचा रोध हिशोबातून सोडला, वेग १९ वर येतो. म्हणजे २० म्हणजे तुमच्यात काही बिघाड नाही, गणित आहे.

आणि ‘जाताना तोटा, येताना नफा, फिटंफाट’ असं जे म्हणतात ते खोटं आहे. त्याच ताकदीत पाठीवर १५ चा वारा घेऊन साधारण ३९ मिळतात. ३० किमी १९ ने आणि ३० किमी ३९ ने केलेत तर सरासरी २५.५ च्या आसपास येते, २८ नाही. कारण वेळ सगळा उलट्या वाऱ्यातच जातो.

पंक्चरपुराण
ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूब नाही, छिद्र बुजवणारं पातळ सीलंट. शेतातले रस्ते म्हणजे काटे. कुंपणं छाटली की ते सगळं डांबरावर येतं. मला एका फेरीत तीन पंक्चर. तिसऱ्याला पॅच संपले, सात किमी सायकल हातात धरून चाललो, बुटांखालचे क्लीट झिजले ते वेगळेच. ट्यूबलेस केल्यापासून एकही नाही.

(म्हणजे एक झालं. सीलंट वाळलं होतं. काही महिन्यांनी नवं घालायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पांढरे शिंतोडे अजून भिंतीवर आहेत.)

सपाटवाला
पंक्चरची माझी तक्रारच नाही.

पंक्चरपुराण
होईल.

मंदगती
एक विचारू? सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का? सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर जाड पुस्तक ठेवा, पाण्याची पातळी बघायचं साधन त्यावर ठेवून पाहा.

आडवावारा
५० मिमीच्या चाकांबद्दल माझा अनुभव लिहितो. उघड्या माळावर सरळ आडवा वारा असेल तर एक वेळ सवय होते, माणूस तिरका होऊन चालवतो. गोम कुंपणात आहे. उंच कुंपणाच्या आडोशाने निवांत जात होतो, मध्ये शेतात शिरायचं फाटक आलं, आडोसा संपला आणि पुढचं चाक कुणीतरी हाताने ढकलावं तसं सरकलं. चरात पडलो. चिखल होता म्हणून वाचलो. वजन ५८, हेही लिहून ठेवतो. जड माणसाला कमी जाणवत असेल.

२०१५ च्या गेंट-वेवेल्घमला, बेल्जियममधल्या शर्यतीत, वाऱ्याने गेरेंट थॉमससारख्या कसलेल्या शर्यतपटूला रस्त्यावरून उचलून कडेला फेकलं होतं. त्यापुढे आपली काय कथा.

कार्बनकुमार
मी पडलेलो नाही.

स्पोकशास्त्री
अजून.

निवांत_पेडल
माझं मत वेगळं. रिकाम्या रस्त्यावर सगळ्यात उपयोगी वस्तू आरसा. सरळसोट रस्त्यावर मागून येणारी गाडी किती वेगात आहे ते कळत नाही, आणि कानात वारा घोंघावत असेल तर ती ऐकूही येत नाही. हँडलच्या टोकाला बसणारा छोटा आरसा आणि दिवसाही चालू ठेवायचा मागचा दिवा. पीक उंच वाढलं की वळणापलीकडचं दिसत नाही, तिथे तर मी हळूच होतो. ट्रॅक्टरने टाकलेले मातीचे गोळे पावसानंतर साबणासारखे होतात, त्यावर ब्रेक लावू नये.

जुनंतेसोनं
आरसा लावायला ती काय स्कूटर आहे?

चेनवाली
कॅसेटबद्दल, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाबद्दल, कुणीच बोललं नाही. चढ नाही तर ११-३२ कशाला? मोठ्या कॅसेटमध्ये दातांच्या उड्या मोठ्या असतात. उलट्या वाऱ्यात एक गिअर जड होतो आणि त्याच्या अलीकडचा हलका, मधला हवा असतो तोच नसतो. मी १२-२५ लावली, कॅडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ९० च्या आसपास टिकतो, गुडघेही शांत. टायरांपेक्षा स्वस्त पडेल. चेनची लांबी मात्र तपासून घ्या.

ता.क. चेनला मेण लावत असाल तर वेगळा धागा काढू, इथे नको.

पंक्चरपुराण
मेण पावसात टिकत नाही.

चेनवाली
इथे नको म्हटलं ना.

स्पोकशास्त्री
वजन कमी करण्याचा सल्ला अजून आला नाही याचं आश्चर्य. येण्याआधीच सांगतो : सपाटीवर एक किलो उतरवून ३० च्या वेगाला जेमतेम अर्धा वॅट वाचतो.

सपाटवाला
@मंदगती, मोजलं. नाक दोन बोटं खाली होतं! मागे सीट टोचायची म्हणून मीच झुकवलं होतं आणि विसरून गेलो.

मंदगती
मग उत्तर तिथेच आहे. नाक खाली असलं की माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला तळहातांवर अडवून धरतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जी नस जाते ती दबते, म्हणून नेमकी तीच दोन बोटं. चढउताराच्या रस्त्यावर हे इतकं जाणवत नाही. चढाला उभं राहतो, उताराला पाय थांबतात, हात आपोआप हलतात. सपाटीवर दोन-दोन तास एकच बैठक. सीट समांतर करा, दर दहा मिनिटांनी हात हूड्सवरून (ब्रेकच्या दांड्यांवरची रबरी पकड) ड्रॉपवर (हँडलचा खालचा वाकडा भाग), ड्रॉपवरून वर असे हलवा, किलोमीटरभरातून एकदा उभे राहा. टोचलं तर उंचीही पाहा, बहुतेक जास्त असेल. तरीही महिन्याने मुंग्या राहिल्याच तर डॉक्टरांना दाखवा.

कार्बनकुमार
सीट सरळ केली, आता उरलेल्या पैशांत चाकं बसतात का बघा.

वॅटवेडा
मंदगतींशी सहमत. हवेला अडवणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोठा वाटा सायकलस्वाराच्याच शरीराचा, चाकांचा नव्हे. कोपरं वाकवून ड्रॉपवर बसता आलं तर ५० मिमीच्या रिमपेक्षा जास्त मिळेल. २८ चे टायर घ्या, ७० च्या आसपास हवा भरा, वाऱ्याशी भांडू नका. निघताना वारा अंगावर घ्या, परतताना पाठीवर. आणि सकाळी लवकर निघा. ऊन वर आलं की जमीन तापते, वरची वेगवान हवा खाली मिसळते, दहानंतरचा वारा हा वेगळाच प्राणी असतो.

आडवावारा
अवांतर : नेदरलँड्समध्ये उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धाच आहे. ओस्टरस्खेल्डे धरणावर ८.५ किमी, सगळ्यांना साध्या, उभ्या हँडलच्या, बिनगिअरच्या सायकली. वादळी वारा असेल तेव्हाच भरवतात. कॅसेटवर वाद घालायला वावच नाही.

सपाटवाला
सगळ्यांचे आभार. २८ चा सल्ला पटला, पण फटीत घोडं अडलं. माझ्या रिमवर २५ चा टायर मोजून २७ भरतो. टायर आणि ब्रेकच्या कमानीत जेमतेम ४ मिमी फट आहे. २८ घातला तर एक खडा अडकला की चाक घासणार. म्हणजे टायर बाद.

एरोबारबद्दल कुणीच काही म्हणालं नाही?

निवांत_पेडल
नको. त्यावर झोपलात की बोटं ब्रेकपासून लांब. शेतवस्तीजवळ कुत्रं आडवं येतं तेव्हा अर्धा सेकंदही फार असतो.

आडवावारा
नको. आडव्या वाऱ्यात हँडल अरुंद धरलेलं असतं, सावरता येत नाही.

जुनंतेसोनं
एरोबारला हसू नका. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता. २४.५ किमीची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी शर्यत, समोर आघाडीवरचा फिन्यों, आणि हा एरोबारवर वाकून आठ सेकंदांनी टूर घेऊन गेला. फिन्योंच्या हँडलवर ते नव्हते.

स्पोकशास्त्री
काका, आज पहिल्यांदा नवीन वस्तूची बाजू घेतलीत.

जुनंतेसोनं
१९८९ नवीन आहे का?

वॅटवेडा
तो एकट्याने, मोकळ्या करून दिलेल्या रस्त्यावर चालवत होता. घोळक्याच्या शर्यतीत एरोबार चालत नाहीत. नुसते हात आडव्या हँडलवर टेकवून झोपण्यालाही २०२१ च्या एप्रिलपासून बंदी आहे, कारण सावरता येत नाही. मीही नकोच म्हणेन.

चेनवाली
नको. कॅसेट घ्या.

सपाटवाला
(तीन आठवड्यांनी)
हिशोब देतो. सीट समांतर केली, एक सेंटिमीटर खाली घेतली. हवा ८०/८५. बोटं शुद्धीवर आहेत, अंग भरून येणं निम्म्याने कमी. खर्च शून्य. मंदगती, तुम्हाला साष्टांग.

बजेट शिल्लक राहिलं, म्हणून एरोबार घेतले. माझं हँडल गोल आहे, ३१.८ चं, क्लॅम्प नीट बसला. पहिले दोन दिवस रस्ताभर नागमोडी गेलो, आता सरळ जातो. नियम ठरवला आहे : वस्ती, वळण, फाटक, मागून गाडी, यातलं काहीही दिसलं की हात ब्रेकवर. मधल्या पाच-सहा किमीच्या सरळ पट्ट्यात, वारा अगदी नाकासमोर असताना, कोपरं टेकवून बसतो. २० चे २२ झालेत. थोडेच आहेत, पण वारा कानातून न जाता पाठीवरून जातो, तेच बरं वाटतं.

निवांत_पेडल
मागून गाडी आली हे कळणार कसं? आरसा घ्या.

कार्बनकुमार
२२ चे २५ करायचे असतील तर बोला. मी आता ६० मिमी बघतोय. माझी ५० ची जोडी विकायची आहे.

आडवावारा
६० का? पडलात की काय?