मेलनिक (बल्गेरिया) : आई-बाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

मंडळी, ऑक्टोबरमध्ये सोफियाहून वाटेत रिला मठ करून मेलनिकला मुक्काम, असा बेत आहे. बल्गेरियातलं सगळ्यात छोटं शहर, पण १७५४ चं कोर्डोपुलोव्ह घर आणि त्याखालचं, डोंगरात कोरलेलं वाइनचं तळघर बघायचंच आहे. (बाबांचा सगळा जीव त्या तळघरात!) आईला मात्र रोझेन मठ हवाय. तिकडे वाळूच्या दगडांच्या सुळक्यांमधून पायवाट जाते. सहा-सात किलोमीटर, चढ-उतार. आईचे गुडघे बघता गाडीनेच गेलेलं बरं ना? मग सोफियातच गाडी भाड्याने घ्यावी का? 'शिरोका मेलनिश्का' द्राक्षांची वाइन चाखायला एखादं घरगुती ठिकाण सुचवा. आणि आई पक्की शाकाहारी, शॉप्स्का सॅलडशिवाय तिला काय मिळेल?