मदत हवी आहे: बिचवा की खंजीर?

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या शिवजयंती प्रदर्शनासाठी शस्त्रांखालच्या पाट्या लिहितेय. कट्यारीचा प्रश्न नाही. दोन समांतर दांड्यांमधली आडवी मूठ दिसली की ओळख पटते. गुप्तीही सोपी, काठीत लपलेली. अडलंय ते एका पात्यापाशी: नागमोडी, दोन्हीकडे धार, आणि मूठ म्हणजे बोटं आत जातील असं लोखंडी कडं. मी बिचवा म्हणते, ज्येष्ठ मंडळी खंजीर म्हणतात, पोरं तर सरसकट सगळ्यांनाच चॉपर! चुकीची पाटी लागली तर लहान मुलं तेच नाव घेऊन घरी जातील, ते मला नकोय. जंबिया आणि खंजीर यांतला फरकही कुणी मुठीवरून, पात्याच्या वळणावरून सांगेल का? फोटो जोडलेत. पाट्या शनिवारी छापायला जायच्यात.