वावळ म्हणजे फक्त जळण? आरागिरणीवाल्याचे उत्तर

मोर्शीचा आरावाला

चार दिवसांपूर्वी इथे एका भाऊने लिहिले: "वावळाचे लाकूड चिरणे म्हणजे वीज आणि आऱ्याचा पट्टा वाया घालवणे. सरळ वीटभट्टीला द्या, जळणाचे पैसे तरी सुटतात." खाली सगळ्यांनी होकार भरला. मी तेव्हापासून धुमसून राहिलो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

माझ्या वडिलांपासून आरागिरणी आहे. सागवानाचे मला कोणी सांगू नये. परतवाड्याच्या नाहीतर बल्लारशाच्या डेपोत लिलावाला उभे राहायला जेवढी रक्कम लागते, तेवढी लहान गिरणीवाल्याजवळ नसते. तिथले चांगले लठ्ठे मोठे व्यापारी उचलतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान वाजतगाजत गेले, अभिमान मलाही वाटला, पण त्याने माझ्या गिरणीचा पट्टा फिरत नाही. माझ्याकडे येतो तो बांधावरचा माल. कडुनिंब, बाभूळ, आंबा, शिरीष आणि वावळ. यातल्या एकाला तुम्ही जळण म्हणून बाद केले, तर माझ्यासारख्याने वर्षातले दोन महिने गिरणी बंद ठेवायची का?

वावळाला सागासारखा काळपट गाभा आणि बाहेर पांढरी, म्हणजे सालीखालचे फिके लाकूड, असा भेद दिसत नाही. सालीपासून मध्यापर्यंत एकच फिकट पिवळा रंग. सागाची पांढरी तुम्ही काढून टाकता, इथे पूर्ण रुंदीची फळी हाती येते. रेषा एकमेकीत गुंतलेल्या, म्हणून खिळा ठोकला तर फळी सहजी उकलत नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या पेट्या लाकडाच्या होत्या तेव्हा हेच लाकूड कामी येत होते. आता प्लॅस्टिकचे क्रेट आले, पण बुटीबोरीच्या कारखान्यांना माल ठेवायला लाकडी पॅलेट लागतातच. सेंट्रिंगच्या फळ्या लागतात. खाटेच्या पाट्या, बाक, पोळपाट, खोकी, सगळे होते.

अट एकच. थंडीत पाने गळली की पाडायचे आणि पंधरा-वीस दिवसांत चिरायचे. पावसाळाभर अंगणात पडू द्याल तर निळे डाग पडतील, किडा लागेल आणि मग म्हणाल वावळ वाईट. झाडाचा दोष नाही, आपल्या आळसाचा आहे.

रंधा-पटाशी

दादा, ते वाक्य मी लिहिले होते. आणि आजही मागे घेत नाही.

माझ्या भाचीच्या लग्नात आंदणाचा दिवाण मी स्वतः केला. लाकूड एका गिरणीवाल्याने दिले, "पापडा आहे, मस्त पिवळा, पॉलिश चढते" म्हणून. पापडा म्हणजे वावळच. पॉलिश चढले, खोटे नाही बोलत. पाहुण्यांनी कौतुक केले. दुसऱ्या पावसाळ्यात भाचीचा फोन, "मामा, गादीखाली रोज सकाळी पीठ पडते." मी गेलो. दिवाणाच्या पायाला बोट लावले तर बारीक टाचणीएवढी छिद्रे, आणि आतून पिठूळ भुसा. तिच्या सासूने काही म्हटले नाही, नुसते झाडून घेतले. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले. दिवाण मी परत आणला आणि सागाचा करून दिला, पदरचे पैसे घालून.

शिवाय रंध्याचे काय? तुम्ही म्हणता रेषा गुंतलेल्या म्हणून खिळ्याला चांगले. पण त्याच गुंतलेल्या रेषा रंध्याखाली उचकटतात. एका बाजूने गुळगुळीत करा, चार बोटे पुढे केस उभे राहतात. ओले चिरताना वास येतो तो वेगळा. तुम्ही फळी विकून मोकळे होता, गिऱ्हाईक तोंड पाहते सुताराचे.

झाडपाला मास्तर

दोघेही अर्धेअर्धे बरोबर आहेत. वावळ म्हणजे होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया. युरोप-अमेरिकेतल्या एल्मच्याच कुळातला, वंश मात्र वेगळा. म्हणून इंग्रजीत याला भारतीय एल्म म्हणतात आणि म्हणूनच आजकाल पोरे विदेशी एल्मच्या फळ्यांचे व्हिडिओ पाहून वावळाला तोच भाव मागतात. तसे होत नाही. पण स्वभाव मिळताजुळता आहे. तिकडेही एल्मच्या रेषा गुंतलेल्या, कुऱ्हाडीने फोडायला कठीण. त्याच गुणामुळे तिकडच्या गाड्यांच्या चाकांचे तुंबे, म्हणजे चाकाचा मधला ठोकळा, एल्मचे. चाकाच्या आऱ्यांसाठी इतकी भोके पाडूनही तुंबा फाटत नव्हता. खुर्च्यांच्या बैठका, शवपेट्या, एवढेच काय, जुन्या लंडनमध्ये पाण्याचे नळ एल्मचे लठ्ठे आरपार पोखरून केलेले होते, कारण कायम ओल्यात राहिले तर ते टिकते. ओले-कोरडे, ओले-कोरडे झाले की कुजते.

पुढे तिकडे सालीतले भुंगे वाहून नेतात अशा बुरशीने एल्म मेले. हॉलंडमधल्या संशोधक स्त्रियांनी त्यावर मूळ काम केले म्हणून त्याला डच एल्म रोग म्हणतात, बेआ श्वार्झ हे त्यातले पहिले नाव. १९६० च्या दशकाअखेर आलेल्या जहाल प्रकाराने एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून जास्त झाडे गेली. मेलेल्या झाडांचे करायचे काय, हा प्रश्न तिथल्या लहान गिरण्यांपुढेही आलाच.

तुमच्या दिवाणाचा किडा म्हणजे पिठ्या भुंगा. तो पांढरीतल्या पिष्टमय पदार्थावर जगतो, आणि वावळात वेगळा टिकाऊ गाभाच नाही, म्हणून पूर्ण फळी त्याचे जेवण. उपाय आहे: बोरॅक्स दीड भाग, बोरिक अ‍ॅसिड एक भाग, पाण्यात विरघळवून ओल्या फळ्या त्यात बुडवायच्या आणि ताडपत्रीत गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे औषध आत मुरते. केरळात रबराचे लाकूड एकेकाळी जळणच होते. याच उपचाराने आज त्याचे फर्निचर होते.

पांदण

तुमी औषध सांगून राहिले, लंडन सांगून राहिले. माह्या वावळाचं काय झालं ते कोणी इचारलं का?

विहिरीजवळ आज्यानं राखलेलं झाड होतं. पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून इकलं. व्यापारी आला, म्हने जळणाचा माल हाय, जळणाचाच भाव देईन. मी म्हटलं ठीक हाय बाप्पा, पन बुंधा तरी मोजून घे. त्यानं सुतळी काढली, बुंध्याले गुंडाळली, चार पदर घडी घातली, अन् कागदावर काहीतरी लिवलं. सहा महिन्यांनी त्याच माह्या झाडाच्या फळ्या तालुक्याच्या गावी एका दुकानात उभ्या पाह्यल्या. वळखल्या मी, एका फळीत आमच्या झोक्याच्या साखळीचा व्रण होता. मंग ते जळण कसं काय?

अन् सुतळी चौपदरी काहून करते हे मले पोरीनं सांगितलं. तिनं कॉलेजात गणित घेतलं हाय. म्हने बाबा, तुमाले शंभरातले एकवीस घनफूट फुकट द्या लागले.

मोर्शीचा आरावाला

पांदणभाऊ, तुमच्या झाडाचे वाईट वाटले. पण सुतळीच्या मापाला चोरी म्हणू नका. ते माप आपल्या धंद्यात पिढ्यान्पिढ्या आहे. घेर घ्या, त्याचा चौथा भाग करा, त्याचा वर्ग गुणिले लांबी. गोल लठ्ठ्यातून चौकोनी माल काढताना चार बाजूंची पाठ निघते, भुसा निघतो. ती तूट मापातच धरलेली आहे.

आणि बांधावरच्या लठ्ठ्यात काय निघते ते कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी एका वावळात कुंपणाची काटेरी तार सापडली, झाडाने पूर्ण गिळलेली. नवा पट्टा, दाते साफ गेले. त्याआधी खिळे, त्याआधी बैल बांधायचे लोखंडी कडे. जंगलातल्या लठ्ठ्यात हे नसते. त्या नुकसानीचा हिशेब शेतकरी धरतो का?

पांदण

तार तुमच्या पट्ट्याले लागली तर त्याचे पैसे मोकळेपणानं कापा ना. आमाले सांगून कापा. मापात लपवून काहून कापता?

अन् पाठ निघते म्हणता, ती पाठ तुमी फेकता का? तेबी जळणात इकता. भुसाबी इकता. मंग तूट कोनती?

लाखनीकर

पांदणरावांचा मुद्दा खरा आहे. मी आकडे मांडतो.

घेर ६० इंच, लांबी १० फूट. सुतळीने: ६० चा चौथा भाग १५, पंधराचा वर्ग २२५, गुणिले १०, भागिले १४४. उत्तर १५.६ घनफूट. आता खऱ्या गोलाच्या हिशेबाने तोच लठ्ठा १९.९ घनफूट भरतो. म्हणजे चार घनफुटांपेक्षा जास्त कागदावरून गायब. हे कोणत्याही लठ्ठ्याला लागू, सुतळीचे माप नेहमी खऱ्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरते. पोरीचे गणित बरोबर आहे.

हे माप आपल्या पूर्वजांचेही नाही. इंग्रज घेऊन आले. एडवर्ड हॉपस नावाच्या माणसाने १७३६ मध्ये त्याची कोष्टके छापली. सरकारी डेपोत आता घनमीटर चालते. गावात मात्र अजून सुतळी, आणि तीही सालीवरून की साल काढून, जाड टोकाला की बारीक, हे त्या दिवशी व्यापाऱ्याच्या मनावर. साल अर्धा इंच जाड असेल तर सोलल्यावर ६० चा घेर ५७ वर येतो आणि १५.६ चे १४.१ होतात. आमच्याकडे एकाने सालीसह मोजून घेतला आणि पैसे देताना "साल वजा" म्हणून पुन्हा कापले. भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेले.

मोर्शीचा आरावाला

एका लबाडावरून सगळ्या गिरणीवाल्यांना तराजूत घालू नका. मी माझ्या आयुष्यात साल दोनदा कापली नाही. १९९६ आणि २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनंतर परवाने गोठले, तपासण्या वाढल्या, वीजबिल वाढले, तरी पोरांना गिरणीवर ठेवून धंदा टिकवला तो प्रामाणिकपणावर. इथे येऊन चोर ऐकायला नाही.

पांदण

तुमाले चोर कोण म्हटलं? मापाले म्हटलं. तुमीच अंगाले लावून घेतलं.

सावली

मी मघापासून वाचून राहिले. भाव, माप, किडा, पट्टा. झाडाबद्दल कोणीच बोलत नाही.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर दोन वावळ आहेत. मार्चमध्ये पाने नसताना पूर्ण झाड हिरवट पापड्यांनी लदलेले असते. लहानपणी त्यातले बी सोलून आम्ही खात होतो. वेचणीच्या बायका आजही त्याच्याच खाली भाकर सोडतात, कारण दीड कोसात दुसरी सावली नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने सागवान, मोह, आंबा, चिंच यांना यादीत घेतले. वावळाला कोणी वाली नाही. तुम्ही त्याला भाव मिळवून दिला की पहिला तोच पडेल. जळणाच्या भावात होता म्हणून तरी उभा होता.

रंधा-पटाशी

ताई, जळणाच्या भावातच जास्त पडतात. वीटभट्टीवाला फांदीसुद्धा सोडत नाही. शेतकऱ्याला एका झाडाचे चार पैसे नीट आले तर तो दुसरे तरी राखेल. पांदणभाऊंना आले असते तर त्यांनी फांद्या विकून भागवले असते.

पांदण

हे बराबर बोलले. मले बुंध्याचे खरे पैसे भेटले असते तर धुऱ्यावरचं धाकलं झाड मागच्या उन्हाळ्यात द्या लागलं नसतं.

सावली

मान्य नाही पूर्ण. पण पांदणदादांचे ऐकून एवढे समजते की स्वस्तपणाने झाड वाचत नाही. निदान पाडाल त्याच्या जागी रोप लावा. बी फुकट उडत येते, राखायला फक्त दोन वर्षे बकऱ्या आवरायच्या.

रंधा-पटाशी

मास्तर, तुमच्या औषधाबद्दल विचारतो. दाराच्या चौकटीला चालेल का? पावसाचे झोत लागतात.

झाडपाला मास्तर

चालणार नाही. बोरॅक्स-बोरिक पाण्यात विरघळते, पावसाने धुऊन निघेल. घरातल्या वस्तूंनाच. चौकटीला साग नाहीतर बिजा, अवजाराला तिवस, बंडीच्या आसाला धावडा. प्रत्येक लाकडाची जागा ठरलेली आहे. वावळाची जागा छपराखाली. आणि फळ्या थप्पीत लावताना मधे पट्ट्या द्या, सावलीत ठेवा, डोक्यांना रंग मारा. आपल्याकडच्या एप्रिलच्या झळा लागल्या तर टोकाकडून तडकतील. निळ्या डागाची मात्र भीती नको. तो रंग बिघडवतो, ताकद फारशी कमी करत नाही. पॅलेटला चालतो, दिवाणाला नाही.

मोर्शीचा आरावाला

एक्स्पोर्टच्या पॅलेटला लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवून शिक्का लागतो, ती भट्टी माझ्याकडे नाही. म्हणून मी स्थानिक मालाचेच पॅलेट देतो. हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी विचारेल.

आणि रंधा-पटाशी भाऊ, तुमच्या दिवाणाचे वाचून रात्री झोप नीट लागली नाही. मीही अशा फळ्या औषधाशिवाय विकल्या आहेत. कोणाच्या घरी पीठ पडत असेल, मला फोन आला नाही एवढेच. जानेवारीत एका शेतकऱ्याचा वावळ येणार आहे. चिरल्याच्या दिवशीच बुडवतो, चार फळ्या तुम्हाला विनामूल्य पाठवतो. दोन पावसाळे ठेवून पाहा. भुसा पडला तर इथेच येऊन लिहा.

रंधा-पटाशी

फुकट नको. पैसे देऊन घेईन, म्हणजे तक्रार करायला तोंड राहील. पण दिवाण करणार नाही. दुकानाचा बाक करतो, रोज डोळ्यासमोर राहील.

पांदण

जानेवारीत येणारा तो वावळ माह्या साळ्याचा हाय, मोर्शीवाले भाऊ. त्यानं मले सांगितलं. मी येतो मोजाले. साल सोलून, मधातून घेर, टेपनं. सुतळी घरीच ठेवा.

मोर्शीचा आरावाला

या. गोलाच्या हिशेबाने पैसे देतो. पण त्याआधी तुमच्या साळ्याला विचारून घ्या, त्या झाडाला तार कुठे कुठे बांधली होती.