शिखर शिंगणापूरला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

चैत्र तोंडावर आलाय आणि आमच्या साताऱ्याच्या ग्रुपवर परत तेच सुरू, शिंगणापूरच्या शंभू महादेवाला भर चैत्री यात्रेत जावं का गर्दी ओसरल्यावर. ऐकीव नको, स्वतः बघितलेलं लिहा.

माणदेशी गडी :
यात्रेतच, आणि ते पण बारशीला, म्हणजे द्वादशीला. शिवपार्वतीचं लग्न अष्टमीला लागतं पण खरी मजा कावडी मुंगी घाट चढतात तेव्हा. सासवडची भुतोजी तेली बुवांची मानाची कावड, कऱ्हा नदीचं पाणी घेऊन चालत येते. तांब्याचे दोन मोठे रांजण, आणि समोर घाट असा की नुसतं अंगावरच्या कपड्यानिशी चढताना पण हात टेकावा लागतो. आमचा चुलता खांदा द्यायचा. खालचा वरच्याचा हात धरतो, अशी माणसांची साखळीच लागते, पाय कुठं ठेवायचा ते दिसत नाही, दगड हलतोय का ते अंगठ्यानंच चाचपायचं, आणि कावड जरा कलली की सगळा घाट ओरडतो, म्हाद्या धाव! दमलेला देवाला अरेतुरे करतो, शिव्या पण घालतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

फलटणची लेक :
दादा ते तुम्हा गड्यांचं झालं, गुडघेदुखीवाल्या सासूबाईंना घेऊन जाणाऱ्यांनी काय करायचं? आम्ही साधा वार बघून जातो, श्रावणी सोमवार पण टाळतो. सकाळी लवकर गेलं की गाभाऱ्यात निवांत उभं राहता येतं, तिथं दोन लिंगं आहेत, एक शिवाचं एक शक्तीचं, यात्रेत ढकलत पुढं काढतात तेव्हा हे दिसतच नाही हो. पायऱ्या उन्हात जाम तापतात, पायात मोजे घाला.

सांगलीवाला :
विटा मायणी दहिवडी असं बाईकवरनं गेलतो. रस्ता ठीक. पार्किंगला एकानं पावती न देता पैसे घेतले, डोकं फिरलं. पाणी मात्र घरनं न्या.

माणदेशी गडी :
पाण्याचं दुखणं जुनंच आहे भावा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे, त्यांनी भाविकांचे हाल बघूनच वर तळं बांधलं, ते पुष्कर तलाव म्हणतात तेच. भोसल्यांचं कुलदैवत हे. तळ्याकडं न जाता माघारी फिरू नका.

कराडकर :
अष्टमीचा धज कुणीच लिहिला नाही का? म्हादेवाच्या कळसापासनं शेजारच्या बळी महादेवाच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच्या लांब पागोटं बांधतात. मराठवाड्याची माणसं त्यासाठी कुठनं कुठनं येतात, रात्री अक्षता पडेपर्यंत अंगणात पथारी टाकून बसतात, आमच्या आईला त्यातल्या एका आजीनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, वर म्हणती, पोरी तू वऱ्हाडी, उपाशी कशी बसतीस.

फलटणची लेक :
बरं, हे वाचून सासूबाई आता लग्नाला जाऊया म्हणत्यात 😄 घाट नको पण कावडी बघायच्यात, काय करू?

माणदेशी गडी :
मग बारशीपर्यंत थांबा की ताई. गाडीनं फलटणकडनं वर या, घाट जिथं संपतो तिथं दुपारीच जागा धरा, सावली नाही, छत्री आणा. आणि कावड आली की मधे उभं राहू नका, चढून आलेल्यांना थांबता येत नाही.