एकदम सगळे लाइट पेटतात, स्टिअरिंग जड होतं. ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) बदलायला सांगितलाय, बदलू का?

कोयनाकाठ

नमस्कार. माझी २०२० ची बीएस-६ पेट्रोल हॅचबॅक आहे, ६८ हजार किलोमीटर झालेत. मी पाटण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता चढणीचा.

पाऊस सुरू झाल्यापासून पाच वेळा असं झालंय. चालू गाडीत चेक इंजिन, एबीएस आणि स्टिअरिंगचा लाइट एकाच क्षणी पेटतो. स्पीडचा आणि आरपीएमचा काटा शून्यावर पडतो आणि स्टिअरिंग इतकं जड होतं की वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतं. इंजिन मात्र चालूच राहतं. दोन-तीन मिनिटांनी आपोआप सगळं ठीक होतं. एकदा सकाळी सेल्फ मारला तर इंजिन फिरत होतं पण पकडत नव्हतं, आणि मीटरमध्ये चावीचा लाइट लुकलुकत होता. अर्ध्या तासाने पहिल्या झटक्यात सुरू झाली.

सर्व्हिस सेंटरला दोन दिवस ठेवली. त्यांच्यासमोर एकदा फॉल्ट आला. तेव्हा स्कॅनरला ईसीएम उत्तर देत नव्हता, म्हणून ईसीएम गेलाय, बदलावा लागेल असं म्हणाले. ४६,५०० रुपये, कोडिंग वेगळं. मी प्रिंट मागून घेतली. स्टिअरिंग आणि मीटर या दोन्हींत यू०१०० आणि यू०१२१ असे कोड आहेत. एबीएसच्या रकान्यातही ‘नो रिस्पॉन्स’ लिहिलंय.

इतके पैसे एकदम घालणं मला जड आहे. पण घाटात स्टिअरिंग जड झालं की पोटात गोळा येतो. कुणी नीट सांगेल का?

मिरजकर_७७

बॅटरीची मायनस वायर दहा मिनिटं काढून ठेवा, ईसीएम रीसेट होतो. माझ्या गाडीचा लाइट असाच गेला होता.

कराडचा_वायरमन

ताई, आधी हे करा: ईसीएमची ऑर्डर दिली असेल तर आजच थांबवा.

मी १९९६ पासून गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. तुम्ही लिहिलेल्यातच निम्मं निदान आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरला ईसीएम सापडत नव्हता, त्या वेळी इंजिन चालू होतं का? तुमच्या लिहिण्यावरून चालू असणार, कारण फॉल्ट आला तरी इंजिन बंद पडत नाही असं तुम्हीच म्हणताय. आता बघा, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे दोन्ही ईसीएमच ठरवतो. तो मेला असता तर इंजिन त्याच क्षणी बंद पडलं असतं. म्हणजे ईसीएम जिवंत आहे, त्याचं काम करतोय, फक्त त्याचा आवाज बाकीच्यांपर्यंत पोचत नाही.

बाकीचे म्हणजे कोण? तुमच्या गाडीत एबीएसचा वेगळा कंट्रोलर आहे, स्टिअरिंगचा वेगळा, मीटरचा वेगळा. दरवाजे, वायपर आणि चावीची ओळख सांभाळणारा बीसीएम वेगळा. हे सगळे दोन पीळ दिलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. तिला कॅन लाइन म्हणतात, एक कॅन-हाय आणि एक कॅन-लो. गाडीचा वेग एबीएसला कळतो आणि तो या लाइनवरून मीटरला देतो. आरपीएम ईसीएम देतो. इंजिन चालू आहे आणि गाडीचा वेग किती आहे हेही स्टिअरिंगला याच लाइनवरून कळतं. ते कळेनासं झालं की त्याची मोटर मदत थांबवते. चावी ओळखली, इंजिन सुरू करू दे, हा निरोप बीसीएमकडून ईसीएमला याच वायरींवरून जातो. तो पोचला नाही म्हणून त्या सकाळी सेल्फ फिरला पण इंजिन पकडेना. तुमची सगळी लक्षणं एका ठिकाणी येऊन मिळतात.

आता कोड. यू०१०० म्हणजे ‘ईसीएमशी संपर्क तुटला’, यू०१२१ म्हणजे ‘एबीएसशी संपर्क तुटला’. यू ने सुरू होणारा कोड वाचताना दोन गोष्टी बघायच्या: नाव कुणाचं आहे आणि तक्रार कुणी नोंदवलीय. नाव ईसीएमचं आणि एबीएसचं. तक्रार करणारे स्टिअरिंग आणि मीटर. ईसीएम आणि एबीएस दोन्ही बॉनेटखाली, स्टिअरिंगचा कंट्रोलर आणि मीटर केबिनमध्ये. स्कॅनरचा सॉकेटही केबिनमध्येच, म्हणून त्यालाही बॉनेटखालचे दोघे सापडले नाहीत. दोन कंट्रोलर एकाच सेकंदाला मरून दोन-तीन मिनिटांनी एकाच सेकंदाला जिवंत होत नाहीत. बॉनेटमधून केबिनमध्ये जाणाऱ्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कुठेतरी जोडी तुटलीय किंवा तुटायला आलीय, असा माझा ठाम अंदाज आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली उबेला येतात. तुमच्या भागात तर येणारच.

खात्री करायला एक मल्टिमीटर पुरतो. बॅटरीची मायनस काढा आणि दहा मिनिटं थांबा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट आहे. वरच्या ओळीतली ६ नंबर पिन आणि तिच्या बरोब्बर खालची १४ नंबर, या दोन्हींमधला रेझिस्टन्स मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर जोडलेले असतात, म्हणून दोन्ही मिळून ६० दिसायला हवा. १२० च्या आसपास आला तर एका टोकापर्यंत लाइन पोचत नाही. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. मोजताना दुसऱ्याला बॅटरीमागचा हार्नेस हळूहळू हलवायला सांगा. आकडा हलला की जागा सापडली.

टेस्टिंग लॅम्प मात्र या वायरींना लावू देऊ नका. बल्ब जितका करंट खेचतो तितका सोसायची ताकद या लाइनमध्ये नसते. पिवळ्या कपलरना (वायरींच्या जोडांना) कुणी हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे.

@मिरजकर_७७, तुमचा लाइट गेला असेल, पण बॅटरी काढल्याने काही गाड्यांत नोंदलेले कोड पुसले जातात. ताईंकडे आज जी प्रिंट आहे तोच त्यांचा पुरावा आहे. कोड आधी लिहून घ्यायचे, मगच बॅटरीला हात लावायचा.

इतकं पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. २०१४ साली एका शेतकऱ्याच्या गाडीचा ईसीएम मी बदलायला लावला होता, ३८ हजारांचा. गाडी सहा दिवस चालली आणि परत तशीच बंद पडली. दोष बॅटरीच्या ट्रेखालच्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये होता, गंजून हिरवा झालेला. नवा ईसीएम बसवताना ट्रे काढली, बोल्ट हलला, घासला गेला, म्हणून सहा दिवस गाडी चालली आणि मला वाटलं माझं निदान बरोबर होतं. ते पैसे मी आठ महिन्यांत फेडले. त्या दिवसापासून अर्थिंग आणि लाइन मोजल्याशिवाय मी कुठल्याही कंट्रोलरला ‘गेला’ म्हणत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पोरांनाही म्हणू देत नाही.

हिंजवडी_एम्बेडेड

मी गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दादांनी सांगितलेलं निदान मला अगदी पटतं. आम्ही टेस्ट बेंचवर मुद्दाम कॅन-हाय तोडून, कॅन-लो तोडून, दोन्ही शॉर्ट करून बघतो, आणि वायर तुटली की अशीच लक्षणं येतात.

थोडी भर घालते. कॅन ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटला जाहीर केली. त्याआधी प्रत्येक सेन्सरपासून त्याची गरज असलेल्या प्रत्येक ठिकाणी वेगळी वायर न्यावी लागे आणि हार्नेस जाडच जाड होत चालला होता. कॅनमध्ये कुणीही कुणाचं नाव घेऊन बोलत नाही. प्रत्येक निरोपाला एक क्रमांक असतो, तो सगळ्यांना ऐकू जातो, ज्याला हवा तो घेतो. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर लहान क्रमांकाचा निरोप पुढे जातो आणि दुसरा गप्प राहून नंतर पाठवतो. तातडीच्या गोष्टींना म्हणून लहान क्रमांक देतात.

शांत असताना दोन्ही वायरींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक साडेतीनला चढते, दुसरी दीडला उतरते, आणि कंट्रोलर फक्त या दोन्हींतला फरक वाचतो. बाहेरून आलेला त्रास दोन्हींवर सारखाच पडतो, म्हणून फरक तसाच राहतो. पीळ देतात तो याच्यासाठी.

गाडी आपोआप ठीक का होते, हे कोयनाकाठ ताईंना कोड्यात टाकत असेल. निरोप बिघडतोय असं दिसलं की कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजतो. पाठवण्याच्या चुकांचा आकडा २५५ च्या पुढे गेला की तो स्वतःला लाइनवरून बाजूला करतो, म्हणजे त्याच्यामुळे बाकीच्यांचं बोलणं अडू नये. ठरावीक वेळाने तो परत येऊन प्रयत्न करतो. मधल्या काळात वायरीची टोकं एकमेकांना टेकली असतील तर सगळं सुरळीत होतं. फॉल्ट गेला म्हणून दोष गेला असं समजू नका.

दादांच्या मापात एक अट आहे. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतली लाइन यांच्यामध्ये गेटवे नावाचा कंट्रोलर असतो. तिथे सॉकेटवर मोजलं तर आतल्या लाइनचं काही कळत नाही. आधी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघायला हवा.

आणि स्टिअरिंगबद्दल: वेग कळत नसताना मोटर अंदाजाने मदत करत राहिली तर जोरात जाताना स्टिअरिंग नको तेवढं हलकं होऊ शकतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत ती मदत बंद करायची असं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. चाकं आणि स्टिअरिंगचा लोखंडी जोड कायम असतो, त्यामुळे गाडी वळतेच, ताकद लागते. एबीएसचा लाइट पेटलेला असतानाही साधा ब्रेक लागतो, फक्त चाकं लॉक होण्यापासून संरक्षण राहत नाही. ओल्या घाटात तेवढ्या दिवसांत अंतर जास्त ठेवा.

कोयनाकाठ

दादा, ताई, तुम्ही दोघांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ऑर्डर दिली नव्हती.

हो, स्कॅनर लावला होता तेव्हा इंजिन चालू होतं. मी शेजारीच उभी होते. हा साधा प्रश्न माझ्या मनात कसा आला नाही, आणि तिथे चार माणसं असून त्यांच्याही मनात कसा आला नाही!

आमच्या इथल्या वायरमनच्या मुलाला तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. डायग्राम त्याने मोबाइलवर मिळवला, गेटवे नाही. आज सकाळी मोजलं, रात्रभर पाऊस होता. पहिला आकडा ११९. त्याने बॅटरीमागचा हार्नेस दाबला तर ६१, सोडला की परत ११९. बॅटरी आणि ट्रे काढली. खाली सुकं गवत, चिंध्या, शाळेतल्या खडूच्या खोक्याचे तुकडेसुद्धा होते. केबिनमध्ये वायरी जातात तिथल्या रबराच्या अलीकडे चार बोटांवर हार्नेसची टेप कुरतडलेली. पीळ दिलेल्या जोडीतली एक वायर पूर्ण तुटलेली, टोकं हिरवी. दुसरीचं तांबं उघडं पडलेलं.

तो आता टेप मारून जोडू का विचारतोय. मी थांबायला सांगितलंय, तुमचं उत्तर येईपर्यंत.

कराडचा_वायरमन

बरं केलंत थांबलात. नुसत्या टेपवर ती जोडी श्रावणसुद्धा काढणार नाही.

त्याला सांगा, हिरवं झालेलं तांबं दोन्ही बाजूंनी कापून टाकायचं, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. इन्सुलेशनच्या आत हिरवेपणा पुढे सरकलेला असतो, तेव्हा कंजुषी करू नको म्हणावं. कमी पडेल तिथे त्याच जाडीचा तुकडा जोडायचा. दोन्ही वायरींचे सांधे एकासमोर एक नकोत, एक पुढे एक मागे घ्यायचा. बॅटरी काढलेलीच ठेवून सोल्डर करायचं आणि आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) घालायची, साधी नको. मग परत पूर्वीसारखाच पीळ द्यायचा. सरळ समांतर वायर सोडली तर आज गाडी चालेल, पण एखाद्या दिवशी हॉर्न किंवा फॅन लागला की परत त्रास देईल. हार्नेसला नळी चढवून तो ट्रेच्या कडेला घासणार नाही असा बांधायचा. ते रबर जागेवर नीट बसलंय का तेही बघायचं, नाहीतर तिथून पाणी केबिनमध्ये उतरतं आणि पुढच्या वर्षी बीसीएमची पाळी येते.

ट्रे निघालीच आहे तर खालचा अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासून परत आवळून घ्या. जोडून झाल्यावर हेडलाइट लावायचे आणि बॅटरीची मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यातले व्होल्ट मोजायचे. ०.२ च्या वर आकडा नको.

मग कोड पुसायचे. एबीएसचा लाइट काही गाड्यांत थोडं अंतर चालवल्यावरच जातो, लगेच गेला नाही तर घाबरू नका.

कोयनाकाठ

झालं. त्याने दोन तास लावून तुम्ही सांगितलं तसंच केलं. आकडा ६०.४ आला, हार्नेस कसाही हलवला तरी तेवढाच. अर्थिंगला ०.०६. सगळं मिळून १,४०० रुपये झाले, तोही कमीच घेत होता, मी जास्त दिले. संध्याकाळी पावसातच शाळेच्या रस्त्याने जाऊन आले. एकही लाइट नाही.

कराडचा_वायरमन

फार बरं वाटलं ताई. पंधरा दिवसांनी, चांगला पाऊस होऊन गेला की पुन्हा एकदा ६ आणि १४ मोजा, तसंच मायनस काढून. ६० च राहिला तर त्या जागेकडे परत बघायचं कारण नाही. ६३-६४ कडे सरकला तर सांध्यात पाणी शिरतंय असं समजा आणि गाडी माझ्याकडे घेऊन या. त्या मुलालाही सोबत आणा.