आईच्या बंबाऐवजी काय घ्यावं? (बजेट दहा हजार)

रानजाई: नमस्कार. वाईजवळच्या गावी आई (वय 78) एकटी राहते. न्हाणीघरात आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. तो आता तळाशी झिरपतो आणि पाणी ठिबकून जाळीवरचा विस्तव विझतो. दोनदा झाळून घेतला. तिसऱ्यांदा कारागिराने बोटाने दाबून दाखवलं, पत्राच कागदासारखा झालाय. धुराने आईचा खोकलाही वाढलाय. पाणी बोअरचं, जड. टाकी स्लॅबवर, नळापासून जेमतेम सहा फूट उंच. वायरिंग जुनं. आईला आंघोळीला एक बादली पुरते. बजेट फिटिंग धरून दहा हजार.

घाटमाथा: डोळे झाकून सोलर बसवा. आमचा 200 लिटरचा 2014 पासून चालू आहे, पाहुण्यांसकट आठ आंघोळी आरामात होतात. बजेट थोडं वाढवावं लागेल, पण एकदाच खर्च.

विहीरकाठ: बोअरच्या पाण्याला सोलर? आमच्या नळ्यांत चार वर्षांत पांढरा थर बसला, पाणी कोमट यायला लागलं. शिवाय पावसाळ्यात वाईकडे ऊन असतं कुठे?

घाटमाथा: वर्षातून एकदा नळ्या काढून धुतल्या की काही होत नाही. आम्ही धुतो.

विहीरकाठ: 78 वर्षांच्या बाईने स्लॅबवर चढून?

सांजवात: गॅस गीझर घ्या. पाच-सहा हजारांत होतो, वीज गेली तरी पाणी मिळतं. आमचा सहा वर्षं बिनतक्रार चालू आहे.

फेज न्यूट्रल: बंद न्हाणीघरात गॅस गीझर अजिबात नको. माझी वहिनी आत बेशुद्ध पडली होती, कडी तोडून बाहेर काढली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत हातपाय गळतात. बसवायचाच तर बाहेरच्या भिंतीला. आणि सहा फुटांवरच्या टाकीच्या दाबाला तो बहुधा पेटणारही नाही.

सांजवात: आमच्या न्हाणीला खिडकी आहे, काही होत नाही.

फेज न्यूट्रल: वहिनीच्या न्हाणीलाही होती. थंडीत लावून घेतली होती.

तांबडी माती: बंब मोडीत द्या, निम्मा खर्च तिथेच निघेल. आमचा नऊ किलो भरला. पितळी तोटी आधी वेगळी काढून घ्या.

सांजवात: आजोबांचा बंब मोडीत? दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला काय कराल?

घाटमाथा: मी वर म्हटल्याप्रमाणे सोलरच. नाहीतर 25 लिटरचा गीझर, त्याखाली जाऊ नका.

फेज न्यूट्रल: ताई, हिशोब सांगतो. पाणी 60 अंशांवर तापवलं आणि नळाचं 22 अंशांचं असलं, तर 10 लिटरमध्ये गार पाणी मिसळून 40 अंशांचं साधारण 21 लिटर होतं, म्हणजे एक बादली. 15 लिटरच्या गीझरमध्ये दीड बादली. मी 15 चाच घेईन. काटा 60 च्या वर नेऊ नका, जास्त तापलं की क्षार जास्त धरतात. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकी गंजण्याआधी तो झिजतो. जड पाण्यात दरवर्षी उघडून बघायचा. पण गीझर घेण्याआधी अर्थिंग तपासा. जुन्या घरात तिसरी पिन नुसती नावाला असते.

विहीरकाठ: अर्थिंगला +1. आमच्या नळाला हात लावला की हाताला मुंग्या यायच्या.

रानजाई: सगळ्यांचे आभार. वायरमनला बोलावलं. न्हाणीघराच्या बोर्डाला अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती, इतकी वर्षं! नवीन अर्थिंग, बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर, 16 अँपिअरचा पॉइंट आणि वीज गळायला लागताच ती तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच एवढं करून घेतलं. त्यात बजेटचा मोठा भाग गेला. उरलेल्यात 10 लिटरचा गीझर घेतला. तुम्ही सगळे मोठा घ्या म्हणालात, पण आई एकटीच आहे आणि तिची बादली त्यात भरते. बंब मोडीत दिला नाही, अंगणात ठेवलाय. पाण्याला धुराचा वास नाही म्हणून आईला दोन दिवस आंघोळ झाल्यासारखीच वाटली नाही. खोकला मात्र कमी आहे.

घाटमाथा: 25 चा घ्यायला हवा होता. दिवाळीत सगळे जमलात की कळेल.