घरच्या मिक्सरवर हिरव्या भाज्यांचा रस: रंग काळवंडतो, चव उग्र लागते, रोज घ्यावा का?

जाईची वेल (नाशिक)

नमस्कार. गेल्या महिन्यापासून आमच्याकडे सकाळी फिरून आल्यावर हिरव्या भाज्यांचा रस घेण्याची सुरुवात झाली आहे. घरात सासरे (वय ७१), सासूबाई, यजमान आणि मी असे चौघे आहोत. रसासाठी वेगळे यंत्र घेतलेले नाही; वाटणाचा नेहमीचा ७५० वॅटचा मिक्सर आहे आणि त्याच्या मोठ्या भांड्यातच मी सर्व काही फिरवते. एक जुडी पालक, अर्धा दुधी, थोडी कोथिंबीर, आले आणि एक लिंबू असे सध्याचे प्रमाण आहे. सर्व एकदम घालून, भांडे पाण्याने भरून तीन-चार मिनिटे फिरवते आणि मग पंचातून पिळून गाळते.

अडचणी अशा आहेत. वर दोन बोटे फेस येतो, रस अर्ध्या तासात शेवाळी-तपकिरी दिसू लागतो, आणि गाळूनही घशाला पाल्याचे तंतू लागतात. चोथा इतका निघतो की टाकताना जीव हळहळतो. रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळची घाई वाचेल असे वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कच्चा पालक रोज पोटात जाणे योग्य आहे का, हे मला नेमके समजून घ्यायचे आहे. यजमानांना चार वर्षांपूर्वी मुतखड्याचा त्रास झाला होता. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

पहाटफेरी

ताई, मी नऊ वर्षे घरच्या मिक्सरवरच रस करतो आहे. तुमच्या मिक्सरमध्ये काही कमी नाही. भांड्यात भाज्या घालण्याचा क्रम, पाण्याचे प्रमाण आणि फिरवण्याचा वेळ बदलावा लागेल.

सर्वांत आधी भांड्याच्या तळाशी काकडीचे बारीक तुकडे घालावेत, कारण काकडी फिरताक्षणी पाणी सोडते आणि पाती मोकळी फिरतात. तिच्यावर आले, मग कोथिंबीर आणि सर्वांत वर पालक घालावा. कोथिंबीर व पालक आधी विळीवर किंवा सुरीने आडवे बारीक चिरून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण घशाला लागणारे तंतू हे बहुतेक वेळा न चिरलेल्या देठांचे असतात आणि ते पात्यांभोवती गुंडाळले गेले की कितीही फिरवले तरी तुटत नाहीत. पुदिना घालणार असाल तर त्याची फक्त पाने घ्यावीत. देठांनी रस कडवट होतो. पाणी सुरुवातीला अर्धा पेलाच आणि तेही थंड घालावे. मिक्सरचे बटण उलट्या बाजूला फिरवून सात-आठ झटके द्यावेत, म्हणजे सगळे मिळून हिरव्या चटणीसारखे होईल. मग उरलेले पाणी घालून मधल्या वेगावर जेमतेम पाऊण मिनिट फिरवावे. चटणी नीट वाटली गेली असेल तर त्यानंतर फार फिरवावे लागतच नाही. तुम्ही तीन-चार मिनिटे फिरवता त्यात दोन नुकसाने होतात: भांडे कोमट होते आणि रसात हवा कोंडली जाऊन फेस चढतो. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त कधीही भरू नये. तरीही थोडा फेस येईलच. रस पेल्यांत ओतून तीन मिनिटे तसाच ठेवला आणि चमच्याने ढवळला की तो बसतो.

रंगाबद्दल सांगायचे तर पाल्याच्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि आंबट पदार्थ मिसळल्यावर ते बाहेर पडू लागते, म्हणून हिरवा रंग शेवाळी होत जातो. लिंबू मिक्सरमध्ये न घालता पेला ओठाला लावण्याआधी पिळावे. अर्ध्या तासाने दिसणारा बदल त्यामुळे बराच कमी होईल.

चौघांना पुरेल असे माझे प्रमाण साधारण असे आहे: दोन मध्यम काकड्या, पालकाची १५ पाने, कोवळ्या देठांसह दोन मुठी कोथिंबीर, पुदिन्याची १५-२० पाने, बी काढलेला एक आवळा, अंगठ्याच्या पेराएवढे आले, चिमूटभर सैंधव, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दीड पेला पाणी. पूर्ण जुडी पालक आणि त्यावर लिंबू असे घातल्याने तुमचा रस उग्र लागत असणार. काकडीचा वाटा जास्त ठेवावा, पाल्याचा वाटा चवीपुरता.

आता धुण्याविषयी, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जुडीची मुळे कापून पाने मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवावीत, हाताने हलवावीत आणि पाणी ओतून न टाकता पानेच वर उचलून दुसऱ्या भांड्यात काढावीत. पाणी ओतले की तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरून वाहते. पातेल्याच्या तळाला बोट फिरवून कण लागेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन वेळा, हे करावे. पावसाळ्यात मी कच्च्या पाल्याचा रस करतच नाही. पाणी शिरलेल्या शेतातील किंवा सांडपाण्यावर पोसलेल्या भाजीबरोबर पट्टकृमीची अंडी येऊ शकतात, मिठाच्या पाण्याने ती मरतील याची खात्री देता येत नाही, आणि पोटात गेलेल्या अंड्यांतील अळ्या मेंदूपर्यंत पोहोचल्यास फिट येण्यापर्यंत प्रसंग ओढवतो. त्या चार महिन्यांत पालक उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून, ते पाणी फेकून, मगच वापरावा.

माळरान

वरील उत्तर उत्तम आहे, पण मूळ प्रश्नातील ‘अर्धा दुधी’ वाचून मला तातडीने लिहावेसे वाटले. जाईताई, तुम्ही दुधी चाखून पाहता का?

सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी सकाळी दुधीचा रस घेतला. पहिलाच घोट त्यांना कडू लागला, पण औषधी वस्तू कडू असायचीच, असे म्हणून त्यांनी पेला संपवला. अर्ध्या तासाच्या आत त्यांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले, उलटीत रक्त दिसले आणि रक्तदाब इतका खाली आला की त्यांना तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. फ्रीजमध्ये राहिलेल्या त्याच दुधीची फोड मी नंतर जिभेला नुसती लावली, तर तो कडूपणा चूळ भरूनही बराच वेळ गेला नाही.

हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांत ती कमी-अधिक असतात आणि एखाद्या फळात त्यांचे प्रमाण अचानक वाढलेले असते. बाहेरून पाहून ते मुळीच ओळखता येत नाही. त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. शिजवल्यानेही हे विष निघून जाईल असे समजू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा घटनांनंतर तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू असल्यास संपूर्ण दुधी टाकून द्यावा, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी किंवा अस्वस्थता वाटल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे, अशा त्या समितीच्या शिफारशी आहेत. मिसळू नये यामागचे कारण मला स्वतःला फार पटते: आले, लिंबू आणि पुदिन्याच्या तिखट-आंबट चवीत दुधीचा कडूपणा झाकला जातो आणि जिभेकडून मिळणारी सूचना हरवते. तुमच्या सध्याच्या रसात नेमके हेच होऊ शकते.

काकडीचेही टोक कापून चोळण्याची आपल्याकडे रीत आहे. तिथे थांबू नये, प्रत्येक काकडीची चकती खाऊन पाहावी. आमच्या घरी आता दुधीची फक्त भाजी होते, तीही चाखूनच.

खलबत्ता

मी औषधांचे दुकान चालवते, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपले सासरे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात का? वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल यांपैकी एखादी गोळी सुरू असेल तर कृपया रस आजच थांबवून डॉक्टरांशी बोलावे. या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात, आणि पालक, कोथिंबीर, पुदिना या सर्वांत ते जीवनसत्त्व भरपूर असते. एक दिवस मोठा पेला आणि दोन दिवस काहीच नाही, असे झाले की गोळीचा परिणाम कमी-जास्त होत राहतो. पालेभाजी कायमची बंद करावी लागते असा याचा अर्थ नाही. रोजचे प्रमाण सारखे राखणे आणि त्यानुसार आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घेणे महत्त्वाचे असते. अपिक्साबान किंवा डॅबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्यांना के जीवनसत्त्वाचे हे पथ्य लागू होत नाही, म्हणून गोळीचे नाव पाहूनच ठरवावे.

यजमानांबाबतही सावध राहावे. पालकात ऑक्झलेट नावाचे द्रव्य पुष्कळ असते आणि बहुतांश मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. भाजी करताना एक वाटी पालक खाल्ला जातो, पण रसाच्या रूपाने अख्खी जुडी दोन घोटांत पोटात जाते आणि तीही कच्ची. रोज असे रस घेतल्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी फेकल्यास ऑक्झलेटचा काही भाग कमी होतो, परंतु एकदा खडा झालेल्या माणसासाठी मी पालक वगळून काकडी, कोथिंबीर आणि पुदिनाच सुचवेन. मूत्रपिंडाचा जुना आजार असल्यास पोटॅशियमचाही विचार करावा लागतो.

पालकातले लोह मिळावे म्हणून अनेक जण हा रस घेतात. ते लोह शरीरात फार कमी शोषले जाते. आवळा किंवा लिंबू सोबत असल्यास शोषण सुधारते आणि पाठोपाठ चहा घेतल्यास पुन्हा घटते. रसानंतर निदान तासभर चहा टाळावा.

जाईची वेल (नाशिक)

खलबत्ता ताई, आपला प्रश्न वाचून मी लगेच सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा उघडला. हृदयाची झडप बदलल्यापासून ते ॲसिनोकुमारॉल घेत आहेत आणि ही गोष्ट मला रसाशी जोडता आली नव्हती. आज सकाळपासून त्यांचा रस थांबवला आहे, उद्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करते. दुधीही आजपासून बंद. मी एकदाही चाखून पाहिला नव्हता, हे लिहिताना हात थरथरतो आहे.

चुलीपाशी

चोथ्याचे आणि रात्री करून ठेवण्याचे राहिले म्हणून लिहिते. पहाटफेरी यांच्या पद्धतीने वाटल्यास पंचाची गरज राहत नाही, चहाच्या मोठ्या गाळणीतून चमच्याने दाबून घेतले तरी पुरते. मी तर गाळतच नाही, कारण पोट साफ राहण्यासाठी जो तंतुमय भाग हवा तो चोथ्यातच जातो. ज्यांना दाट रस चालत नाही त्यांच्यासाठी गाळावा आणि चोथा त्याच सकाळी थालीपिठाच्या भाजणीत मळावा. एक वाटी चोथ्याला दीड वाटी भाजणी, कांदा, तिखट, ओवा आणि तीळ. चोथ्यात पाणी असते म्हणून वेगळे पाणी अगदी शेवटी, लागले तरच घालावे. कच्चे वाटण असल्याने थालीपीठ मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस करावे.

रात्री रस करून ठेवू नये. चव आणि सी जीवनसत्त्व दोन्ही घटतात, आणि कच्च्या पाल्याच्या रसात जंतू वाढण्यास वेळ मिळतो. घाईच वाचवायची असेल तर पाने रात्री धुऊन, कोरड्या फडक्यावर पूर्ण सुकवून, फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावीत. सकाळचे काम पाच मिनिटांचे राहते.

जाईची वेल (नाशिक)

सर्वांना कळवावे म्हणून पुन्हा लिहिते. डॉक्टरांनी सासऱ्यांची आयएनआर तपासणी लगेच करून घेतली, पाल्याचा रस तूर्त बंद ठेवण्यास आणि जेवणातली पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात वाढण्यास सांगितले. त्यांच्यासाठी सोललेल्या काकडीचा लिंबू आणि जिरेपूड घातलेला रस चालेल का, असे विचारले, त्याला त्यांनी संमती दिली. आज सकाळी दोन काकड्यांपैकी एकीची चकती कडू लागली, ती टाकली. आमच्या तिघांसाठी पालक न घालता, कोथिंबीर-पुदिना बारीक चिरून, आधी झटके देऊन वाटले. लिंबू पेल्यात पिळले. रंग शेवटच्या घोटापर्यंत हिरवागार राहिला आणि घशाला एकही तंतू लागला नाही. चोथ्याची चार थालीपिठे झाली, ती सासूबाईंनी लोण्याबरोबर वाढली.